धायटीची झोप

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा हिवाळ्यात एकच गॅलरी लालभडक दिसणार, आणि ती माझी! असं मी दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं. आपल्या सह्याद्रीतली धायटी आणली. थंडीत पानं गाळते आणि मग बोडक्या फांद्यांवर फुलंच फुलं!

डिसेंबरात धायटीनं निम्मा शब्द पाळला. पानं गळली. कुंडीत कुणी खराटा रोवून ठेवल्यासारखी दिसायला लागली!

चार वर्षांच्या स्वरदानं ओठ काढला. "आई, मेली?"

"नाही गं राणी, झोपलीये! झोप झाली की फुलणार. तूपण दुपारी झोपत जा, म्हणजे दोघी एकदम उठाल."

काय डोकं माझं! लेक झोपणार, मला दुपारचे दोन तास मिळणार! मी गरम चहा शेवटचा प्यायले, तो डोहाळजेवणाला.

पण लेक झोपलीच नाही. ती पहाऱ्यावर बसली! धायटीला दुपटं पांघरलं. कुकरची शिट्टी बंद. मिक्सर मी गोधडीत गुंडाळून फिरवायचा. माझ्या नवऱ्यानं, केयूरनं तर लाडक्या लेकीपुढे नांगी टाकून दारावर कागदच चिकटवला, 'बेल वाजवू नये.'

तिसऱ्याच दिवशी समोरच्या कुंदाकाकूंनी हळूच टकटक केली. दार स्वरदानं उघडलं. मी आत गोधडीशी झगडत होते.

"शूऽऽ! काकू, झोपलीये ती. उठवायचं नाही."

माझ्या सासूबाई आठ दिवस दिसल्या नव्हत्या. बोरिवलीला नणंदेकडे गेल्या होत्या. पण काकूंना काय माहीत!

"अगं बाई! कधीपासून?"

"खूप दिवस. सगळं गळून गेलं."

"खाते-पिते का काही?"

"आई थोडंच पाणी देते. जास्त दिलं की कुजते म्हणाली."

अर्ध्या तासात हॉलमध्ये सहा बायका, चार शहाळी आणि एक अंगारा! कुंदाकाकू माझा हात दाबत पुटपुटल्या, "धीर सोडू नकोस हो." मी विचारणार, कशाचा, तेवढ्यात लॅच उघडून पिशव्यांसकट सासूबाई आत! ओल्या डोळ्यांच्या सहा बायका बघून त्या मटकन बसल्या.

"कोण गेलं गं?"

"माधुरीवहिनी, तुम्ही!" काकू किंचाळल्या.

"उठवलंत ना तिला!" स्वरदानं भोकाड पसरलं आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. दुपट्यातला खराटा बघून हसण्याचा असा स्फोट झाला, की वॉचमन वर आला!

स्वरदानं सगळ्यांना शिक्षा ठोठावली. धायटी परत झोपेपर्यंत चिडीचूप बसायचं! ती कुंडीला थोपटत बसली. पंखा गरगरत होता. आधी कुंदाकाकूंची मान कलली, मग सासूबाईंची. दहा मिनिटांत सातही जणी घोरायला लागल्या!

मीही हळूच उशी ओढली.

"आई, तू नाही हं झोपायचं," टक्क जागी लेक कानात कुजबुजली. "या उठल्या की चहा कोण करणार?"