पक्षी बघायची दुर्बीण

शनिवारी सकाळी क्षमा जाकीट चढवून निघणार, तेवढ्यात सासूबाई दाराशी बसून जाड पायमोजे घालताना दिसल्या.

"आई, तुम्ही कुठे?"

"तुझ्यासंगं. यशपाल म्हणाला, दुर्बीण घ्यायला चालली तू. एकटी बाई पाहून दुकानदारानं फसवलं म्हणजे?"

क्षमानं नवऱ्याकडे पाहिलं. यशपालनं तोंड कॉफीच्या मगात खुपसलं.

खरी गोष्ट अशी होती, की क्षमा रायफल घ्यायला निघाली होती. जर्मनीतल्या येना शहराजवळच्या एका वनसंशोधन संस्थेत तिला नुकतीच कायमची नोकरी लागली होती. नवी रोपं लावायची आणि ती हरणांनी खाऊन टाकायची, असा तिथला जुना तंटा होता, म्हणून संस्थेतल्या बहुतेकांकडे शिकारीचा परवाना असे. क्षमानंही वर्षभर अभ्यास करून तो मिळवला. ही बातमी तिच्या माहेरी कळली, मैत्रिणींना कळली, खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनलासुद्धा कळली. फक्त प्रभावतीबाईंना कुणी सांगितलं नाही. त्या रोज सकाळी पंचशील म्हणत, आणि त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. नागपूरहून राहायला आलेल्या या बाई घरातलं जाळंसुद्धा कोळ्याला आधी कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडल्याशिवाय काढत नसत.

मग यशपालनं परस्परच सांगून टाकलं, की क्षमाला पक्षी बघण्याचा नाद लागलाय. तो स्वतः येनात भिंगांच्या प्रयोगशाळेत होता, त्यामुळे थाप मारतानाही त्याला भिंगच सुचलं. रायफलीसाठी कायद्यानं लागणारं पोलादी कपाट आधीच पॅसेजमध्ये येऊन बसलं होतं आणि त्यानं क्षमाचं निम्मं बजेट गिळलं होतं. ते कपाट महत्त्वाच्या कागदांचं आहे, असं प्रभावतीबाईंना सांगण्यात आलं होतं. "भारी जपतात इकडं कागद," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

दुकान शेजारच्या गावात होतं. दार ढकलून क्षमा उंबरठ्यावरच थांबली. समोरच्या लांब भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रायफली उभ्या होत्या. वर रानडुकराचं मुंडकं सुळे काढून बघत होतं. आता कबुली द्यायचीच, म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच प्रभावतीबाई सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "छत्र्या बऱ्याच ठेवल्या बापा. लय पाऊस पडत असन इकडं."

क्षमाचं तोंड उघडंच राहिलं. हा टोमणा होता, यात तिला शंका नव्हती. सासूबाई इतक्या गोड आवाजात बोलल्या, की पुढं काहीतरी येतंच.

"हो आई. पडतो," ती म्हणाली.

"अन् वर ते काय? घोंगडं टांगलं का?"

"शोभेचं आहे."

दुकानाचे मालक कुन्त्से पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोघींशी हस्तांदोलन केलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "मुख्यतः काय मारणार? हरीण, की डुक्कर?"

"काय म्हणून राहिले ते?"

"विचारतायत, कोणते पक्षी बघणार."

"सांग ना, सगळेच. एकाच पक्ष्यासाठी कोण दुर्बीण घेते?"

क्षमानं जर्मनमध्ये हरीण म्हटलं, आणि पैसे बेताचे आहेत तेही सांगितलं. कुन्त्से आतून एक वापरलेली रायफल घेऊन आले. एका निवृत्त वनरक्षकाची होती. दस्ता ओरखडलेला, पण नळी उत्तम.

"ही काठी कशाला?" प्रभावतीबाईंनी हात लावून पाहिलं.

"दुर्बीण यावर बसवतात. हात हलू नये म्हणून."

प्रभावतीबाईंनी लाकडावरून बोटं फिरवली. "ओरखडे किती आहेत! कमी करायला सांग."

"आई, इथे भाव करत नाहीत."

"सांगून तर पाय."

क्षमानं लाजत सांगितलं. कुन्त्सेंनी मिशी कुरवाळली, प्रभावतीबाईंच्या ठाम चेहऱ्याकडे पाहिलं आणि खांद्याला लावायचा चामडी पट्टा फुकट देऊ केला. प्रभावतीबाईंनी विजयी मुद्रेनं पदर सावरला. आता त्यांना कोणी आवरणार नव्हतं.

खरी अडचण पुढं आली. रायफलीवर बसवायची दुर्बीण निवडताना कुन्त्से म्हणाले, "पैसे वाचवायचे तर बंदुकीवर वाचवा. काचेवर नको." क्षमानं मान डोलावली आणि सगळ्यात स्वस्त दुर्बिणीकडे बोट दाखवलं.

"आण, मी पायते," प्रभावतीबाई म्हणाल्या. ती सुटी दुर्बीण घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, रस्त्यापलीकडच्या चर्चच्या मनोऱ्याकडे रोखून पाहिलं आणि परत दिली. "धूर आहे हिच्यात."

त्याहून चांगली आली. "हिच्यातबी धूर."

तिसरी आली. धूर. शेवटी कुन्त्सेंनी कुलपातून एक दुर्बीण काढली, जी ते गिऱ्हाइकाला सहसा हातातही देत नसत. प्रभावतीबाईंनी डोळा लावला, लांब सुस्कारा सोडला. "हा माणूस चांगला दिसते, पण माल खराब ठेवते. सांग त्याला."

"त्या म्हणतात, थोडं... पुसट दिसतंय," क्षमानं भाषांतर केलं.

कुन्त्से दुखावले. त्यांनी स्वतः पाहिलं, काच पुसली, डोळ्याजवळची चकती फिरवून पुन्हा पाहिलं, रस्त्यावर जाऊन आभाळाकडेही पाहून आले. मग ते प्रभावतीबाईंकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आईंना विचारा, दुसऱ्या डोळ्यानं बघतील का?"

प्रभावतीबाईंनी पुन्हा दारात जाऊन दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली.

"अगं," त्या म्हणाल्या, "तिथं घड्याळ आहे. काटेबी आहेत." मग, "कबुतर बसलं बघ. मान फुगवून राहिलं!" त्या लहान पोरीसारख्या हसल्या आणि दुर्बीण तशीच डोळ्याला ठेवून गर्रकन दुकानात वळल्या.

दुकान चांगलंच लांब होतं. दुर्बीण दूरच्या भिंतीवर थांबली.

"क्षमा."

"हो आई."

"ह्या छत्र्या नाहीत."

क्षमा कबुली द्यायला पुढं सरकली. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. म्हणजे तो टोमणा नव्हता! "आई, तुम्हाला उजव्या डोळ्यानं दिसत नाही? आणि डाव्यानंही भिंगाशिवाय अंधुकच? कधीपासून?"

प्रभावतीबाईंनी दुर्बीण खाली केली. दोघी एकमेकींकडे चोरांसारख्या बघत राहिल्या. कुन्त्सेंना एक शब्दही कळला नाही, पण त्यांनी हरणाच्या कातड्याची दोन स्टुलं आणून ठेवली. "मोतीबिंदू," ते म्हणाले. "मलाही झाला होता. ऑपरेशन होईपर्यंत मी कंपन्यांना तक्रारी करत होतो, की तुमच्या काचा बिघडल्या."

क्षमानं हे सांगितल्यावर प्रभावतीबाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं. "आधी सांगितलं असतं तर यशपालनं तिकीट रद्द केलं असतं. आधी ऑपरेशन, मग आराम. मला तर तुमच्याकडं यायचं होतं."

"आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या घरात राहिला नसता, असं वाटलं मला."

"चौथं शील कोणतं?"

"खोटं न बोलण्याचं," क्षमा खाली बघून म्हणाली.

"ते दोघींनी मोडलं. अन् पहिलं तू एकटी मोडणार." त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "कशासाठी?"

क्षमानं सांगितलं. हरणांना खाणारं कुणी फारसं उरलं नाही, ती कोवळी रोपं खातात, म्हातारी झाडं पडली की त्यांच्या जागी नवं उगवतच नाही. प्रभावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला नाही पटलं," त्या म्हणाल्या. क्षमानं मान हलवली. मग त्यांनी स्वस्त दुर्बीण उचलली, डाव्या डोळ्यानं पाहिलं, खाली ठेवली. त्याहून चांगली उचलली, बराच वेळ पाहिलं आणि सुनेच्या हातात दिली. "ही घे."

"आई, बजेट..."

"अंदाजानं मारशील तर ते बिचारं जखमी होऊन रानात फिरन. मारायचंच असन तर त्याला कळूबी नये."

त्या सकाळी क्षमानं पहिल्यांदा खरं भाषांतर केलं. कुन्त्से उठून उभे राहिले आणि त्यांनी प्रभावतीबाईंशी पुन्हा एकदा हस्तांदोलन केलं.

घरी यशपालची धडगत नव्हती. "दिवसभर लोकायच्या काचा तपासतो," त्याची आई म्हणाली, "माझ्या डोळ्यात कधी पाहिलं?" त्यानं आईला खिडकीशी बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिला. मग उठून डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशन मात्र नागपूरलाच, आपली धाकटी बहीण ऊर्मिला हाताशी असताना करायचं, असं प्रभावतीबाईंनी ठरवलं.

शिकारीला बसायचा क्षमाचा पहिला शनिवार आला, त्या दिवशी दुपारी प्रभावतीबाई पुन्हा पायमोजे घालून तयार. "तू काय करते ते मला माहीत पायजे." जंगलाच्या कडेला लाकडी मचाण होतं. शिडी चढताना त्यांनी तीनदा जर्मनीला नावं ठेवली, पण चढल्या. दोघी एकाच घोंगडीत बसल्या. ऊन कलू लागलं तसं समोरच्या गवतात एक तरुण हरीण आलं. एकटंच होतं.

क्षमानं रायफल उचलली. काचेत त्याचा कान दिसला, कानावरची माशी दिसली, ओलं नाक दिसलं. प्रभावतीबाईंना तेवढं लांबचं काहीच दिसत नव्हतं. पण शेजारच्या सुनेचा श्वास थांबलेला त्यांना ऐकू आला.

त्या खोकल्या.

हरणानं मान वर केली आणि ते झाडीत दिसेनासं झालं. क्षमानं रायफल खाली घेतली. तिचं बोट चापापर्यंत गेलंच नव्हतं. ते अजून नळीच्या बाजूला घट्ट दाबलेलं होतं.

"थंडी आहे इथं," प्रभावतीबाई म्हणाल्या. "खोकला आला."

"हो का?" क्षमानं थर्मास उघडून त्यांच्या हातात चहा दिला. आपला आवाज इतका हलका का झालाय, ते तिचं तिलाच कळेना. "पुढच्या शनिवारी पण येणार का तुम्ही?"

"येणार ना." प्रभावतीबाईंनी चहावर फुंकर मारली. "खोकला काय एका दिवसात जाते?"