वेंडेलचा डावा हात

वेंडेल क्रूगरने ठरवलं होतं एवढंच, की आज सोफ्यावर न बसता जरा गालिच्यावर आडवं व्हावं. काउंटीच्या ऑफिसात ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीमागे दिवसभर बसून त्याच्या पाठीचं लाकूड झालं होतं. (खुर्ची बदलून मिळावी म्हणून त्याने अर्ज केला होता. तो फिरत फिरत त्याच्याच टेबलावर आला होता.) तर बूट काढून तो टीव्हीसमोर उताणा पडला आणि डोळे मिटले. तेवढ्यात डोक्याशी बायको येऊन उभी राहिली.

"आडवा झालाच आहेस, तर पाच मिनिटं तसाच राहशील?" नोरीन म्हणाली.

"राहतो की," वेंडेल म्हणाला. एवीतेवी हलायचं नव्हतंच, मग नाही कशाला म्हणा.

ही मार्चमधली गोष्ट. ऑगस्ट उजाडला तरी ती पाच मिनिटं संपली नव्हती.

नोरीन शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना जेवण वाढायची. दोन वर्षांपूर्वी वजन उतरवायला म्हणून ती रॉस्को कोचच्या जिममध्ये गेली. वजन होतं तिथेच राहिलं, पण मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं वेड लागलं. म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, हातपाय पिरगाळणं, सगळं एकाच जाळीच्या आखाड्यात. वय एकोणचाळीस. दोन लढती झाल्या आणि दोन्ही हरली. दुसरी हरल्यावर ती गॅरेजमध्ये गाडीत बसून एकटीच रडली. वेंडेलने ते खिडकीतून पाहिलं. जवळ जाऊन काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो कचऱ्याची पिशवी घेऊन गाडीजवळून गेला. परत आला, पुन्हा गेला. (दुसऱ्या खेपेला पिशवी रिकामीच होती.)

"एकदा जिंकायचंय मला," ती काच खाली करून म्हणाली. "एकदाच. मग हातमोजे खुंटीला."

त्या दिवसापासून तिने जिंकावं असं वेंडेललाही मनापासून वाटू लागलं. आधी तिच्यासाठी, आणि मग गालिच्यासाठी.

रॉस्कोने तिला एकच डाव घोटवायला सांगितला होता. खांद्याचा पेच. छातीवर आडवं पडून खालच्याला दाबायचं, त्याचं मनगट डोक्याशेजारी जमिनीला टेकवायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि त्याचं कोपर कमरेकडे ओढत उचलायचं. खांदा असा बोलतो, की माणूस मिळेल तिथे हात थोपटतो. थोपटलं की हरला, सोडून द्यायचं.

"पण हात ओढून मिळत नाही," रॉस्को म्हणायचा. "ओढशील तर तो आणखी पोटाशी घेईल. आधी तोंडावर ठोसे दे. तोंड वाचवायला माणूस हात वर नेतो. वर आलेला हात तुझा."

तर हे ठोसे आता घरी गालिच्यावर वेंडेलला बसायचे. पहिल्याच आठवड्यात त्याचा ओठ सुजला. दुसऱ्या दिवशी खिडकीवर आलेल्या एका म्हातारीने त्याच्या हातावर हात ठेवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना रे बाळा?" मागची रांगही कान देऊन उभी राहिली. ते ऐकून नोरीन ओशाळली आणि त्या दिवसापासून ठोशांच्या चापट्या झाल्या. पिठाच्या हाताने माशी हाकलावी, तशा.

आणि वेंडेल? वेंडेल सरकारी माणूस. अर्ज आला की शिक्का मारून मोकळं व्हावं, हे त्याचं ब्रीद. हात जितका लवकर द्यावा तितका लवकर पेच लागतो, तितक्या लवकर थोपटता येतं आणि तितकं लवकर जेवायला बसता येतं, हे त्याच्या चटकन लक्षात आलं. पहिली चापटी गालाला लागते न लागते तोच त्याचा डावा हात वर. पुढे पुढे तर ती चापटी निघायच्या आतच हात हजर, कोपर दुमडलेलं, मनगट तिच्या पंजात बसेल असं तयार.

"जमायला लागलंय हं मला," नोरीन धापा टाकत म्हणायची.

"फारच छान," वेंडेल गालिच्यातून म्हणायचा.

"जरा डावीकडे सरका दोघं," आरामखुर्चीतून सासूबाई म्हणायच्या. "टीव्ही दिसत नाहीये. आणि ओव्हनमधलं जळतंय."

सासूबाईंचं नाव लुएला. त्यांना ऐकू कमी यायचं, पण वास बरोबर यायचा. "याचा हात किती पटकन येतो ना," एकदा त्या म्हणाल्याही होत्या. वेंडेलने तेव्हा विषय हवापाण्यावर नेला.

काउंटीच्या जत्रेतली लढत शनिवारी दुपारी होती. गुरांच्या प्रदर्शनाचा मांडव धुऊन मधोमध जाळी उभी केली होती. (धुतला होता असं सगळे म्हणत होते. नाक वेगळं सांगत होतं.) रॉस्कोचा नेहमीचा मदतनीस बहिणीच्या लग्नाला गेला होता, म्हणून बादली, स्टूल आणि टॉवेल वेंडेलच्या गळ्यात पडले. तो जाळीला लागून, कोचच्या शेजारी उभा राहिला. सासूबाई मागच्या बाकावर उकडलेलं कणीस खात होत्या.

"ही हरली तर पुढची लढत मी लावणार नाही," रॉस्को हळूच म्हणाला. "तीन हार झाल्यावर मलाच बरं वाटत नाही. पोरांचा वर्ग घेऊ दे तिला."

"तिला माहीत आहे?"

"माहीत आहे."

वेंडेलने टॉवेल पिळला. टॉवेल कोरडा होता.

समोरची मुलगी टेसा हूकस्ट्रा. दुधाच्या गोठ्यातली, चोवीस वर्षांची, शाळेत कुस्ती खेळलेली. चेहरा शांत, जणू गाईंचं आटोपून आलेय, हेही आटोपते आणि जाते. पण नोरीनने पहिल्याच मिनिटात तिचे पाय धरले, खाली पाडलं आणि छातीवर आडवी पडली. मांडव ओरडला. वेंडेलचा जीव सुपाएवढा झाला.

मग नोरीनने ठोसे सुरू केले. म्हणजे चापट्या. पाच महिने गालिच्यावर घोटलेल्या, त्याच.

टेसा तिच्याकडे बघत राहिली. रोज पहाटे दूध काढताना गाईची शेपटी तोंडावर बसणारी मुलगी ती, तिला यात नवं काय. हात पोटाशी घट्ट. नोरीनने आणखी चार चापट्या दिल्या. टेसाने डोळेसुद्धा मिटले नाहीत. नोरीन वाट बघतेय, हात काही येत नाही. घाबरून तिने तो ओढायला घेतला, तशी टेसा खालून निसटली आणि पुढची सगळी फेरी नोरीन खाली होती.

रॉस्को जाळीला तोंड लावून ओरडत होता. "हात येईल, हात येईल, मार." तो थांबला. कारण हात येत होता, पण भलत्याच ठिकाणी. डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला काहीतरी हलताना दिसलं. खालून नोरीनने टेसाच्या गालाला एक चापटी लावली आणि शेजारी उभ्या वेंडेलचा डावा हात टुणकन वर आला. दुसरी चापटी, पुन्हा हात वर. कोपर दुमडलेलं, मनगट तयार.

"हे काय करतोयस?" रॉस्कोने विचारलं.

"काय?" वेंडेल म्हणाला. आणि हात वर आला.

रॉस्कोने त्या हाताकडे पाहिलं, मग आखाड्याकडे, मग पुन्हा हाताकडे. तीस वर्षं कोच होता तो. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"ती घरी प्रॅक्टिस तुझ्यावर करते?"

"हो."

"आणि एवढ्याशा चापटीला तू हात देतोस?"

"जेवण गार होतं," वेंडेल म्हणाला.

घंटा झाली. वेंडेलने स्टूल आत सरकवलं. नोरीन धपकन बसली, नाक लाल, डोळ्यांत पाणी. "कोच, तिचा हात येतच नाही. मी सगळं बरोबर केलं. घरी शंभरातून शंभर वेळा येतो."

"घरचा हात येत नाही," रॉस्को म्हणाला. "घरचा हात दिला जातो."

नोरीनने नवऱ्याकडे पाहिलं. वेंडेलने बादलीकडे पाहिलं.

"वेंडेल."

"तू थकलेली असायचीस," वेंडेल म्हणाला. "मीही असायचो."

"पाच महिने?"

"मी म्हटलं होतं," मागून सासूबाई कणसाचे दाणे चावत म्हणाल्या. "याचा हात लवकर येतो."

"पाच महिने मला वाटत होतं मला जमतंय," नोरीन म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. वीस वर्षांच्या संसारात वेंडेलला एवढं कळत होतं, की वरचा आवाज बरा असतो. त्याला खरोखर वाईट वाटलं. तिला एकदा जिंकवायचं म्हणून तो रोज हरत होता, आणि तेच नडलं. हे तिला सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं. "नोरीन, ओव्हनमधला तो कॅसरोल खरंच जळत होता," असं त्यातून बाहेर पडलं.

ती उठली. स्टूल तिने स्वतःच बाहेर ढकललं, ते वेंडेलच्या नडगीला लागलं.

दुसऱ्या फेरीत टेसा खाली कधी गेली ते वेंडेलला नीट दिसलं नाही, तो नडगी चोळत होता. वर पाहिलं तर नोरीन तिच्या छातीवर होती आणि ठोसे पडत होते. या वेळी चापट्या नव्हत्या. एकेक ठोसा असा, की त्यात पाच महिन्यांची सगळी जेवणं होती. मधल्या एका ठोशाला तिने वेंडेलकडे बघितलंसुद्धा. टेसाच्या शांत चेहऱ्यावर पहिल्यांदाच प्रश्न उमटला. ही गाईची शेपटी नव्हे, हे तिला कळलं. आणि तोंड वाचवायला तिचा हात पोटावरून सुटून वर आला.

नोरीनने मनगट झडप घालून पकडलं. टेकवलं. दंडाखालून हात घातला. कोपर कमरेकडे ओढलं आणि उचललं.

थप थप थप.

पंच दचकून इकडे तिकडे बघू लागला, कारण टेसा अजून दात आवळून पडली होती. थोपटलं होतं वेंडेलने, उलट्या बादलीवर. मग टेसानेही थोपटलं आणि पंचाने दोघींना सोडवलं.

"जिंकली का?" सासूबाईंनी विचारलं.

"जिंकली," रॉस्को म्हणाला. "जावई दुसरा आला."

नोरीनचा हात पंचाने वर धरला तेव्हा ती रडत होती, आणि आता गॅरेजमध्ये लपायचं कारण नव्हतं. वेंडेलही रडला. थोडं नडगीमुळे, बाकीचं तिच्यामुळे.

जत्रेबाहेरच्या कुरणात गाड्या लावल्या होत्या. सासूबाई मागच्या सीटवर बसताक्षणी घोरू लागल्या. वेंडेल स्टिअरिंगवर बसला, पण किल्ली फिरवेना.

"मग?" तो म्हणाला. "हातमोजे खुंटीला?"

नोरीनने जिंकलेलं मेडल बोटाने पुसलं. "तेच म्हणणार होते. पण आज पहिल्यांदा कळलं रे, हे कसं करायचं असतं. कोच मघाशी टेसासमोरच म्हणाला, ऑक्टोबरमध्ये एक लढत आहे. गालिच्यावर आता खरं मारीन. आणि तू हात द्यायचा नाहीस."

"नाही देणार," वेंडेल म्हणाला. आवाजात त्राण नव्हतं, पण शब्द दिला.

"शपथ?"

"शपथ. काही झालं तरी नाही."

तिचा चेहरा निवळला. गळ्यातलं मेडल तिने काढलं. "हे अर्धं तुझं आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात घालायला तिने दोन्ही हात त्याच्या तोंडाकडे नेले.

वेंडेलचा डावा हात वर आला. कोपर दुमडलेलं, मनगट तयार.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. मग नोरीनने मेडल मांडीवर ठेवलं आणि मनगट पकडलं. सवयीने म्हणा, की समोर आलंय तर कशाला सोडा म्हणून म्हणा. वेंडेलने उजव्या हाताने मिळेल तिथे थोपटलं, ते हॉर्नवर.

सगळं कुरण वळून बघू लागलं. दोन गाड्या सोडून टेसा खांद्यावर बर्फाची पिशवी धरून आपल्या ट्रकला टेकली होती. तिने काचेतून वेंडेलला बघितलं, त्या हाताकडे बघितलं, आणि पिशवी उचलून त्याच्या खिडकीशी आली.

"घ्या काका," ती म्हणाली. "माझं आज झालं. तुमचं ऑक्टोबरपर्यंत आहे."