चौदा पत्रे आणि ताशी नऊचा वारा

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही वर्गात बसला आहात. चार भिंती, पुढे फळा, वर चौदा पत्र्यांचं छप्पर. दिसलं? शाबास. आता डोळे उघडा आणि एक गंभीर गोष्ट ऐका.

वारा कुणालाच दिसत नाही. त्यामुळे तो वाहिला की नाही, हे ठरवायला जबाबदार माणसं नेमावी लागतात.

एटापल्लीकडच्या एका जंगलगावाशेजारी, टेकाडावर, २००४ साली असं एक केंद्र होतं. तिथलं रडार आकाशात लहरी सोडायचं आणि परत आलेल्या लहरींवरून वाऱ्याचा वेग सांगायचं. केंद्रातले नोंदणी-कारकून गुणवंतराव तो आकडा वहीत उतरवायचे. (कुलूप रडारला नव्हतं, वहीला होतं.)

पण यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? ते तर नुसतं तिथे हजर होतं. म्हणून त्याचा आकडा पुनर्विश्लेषणाशी ताडून पाहायचा नियम होता. पुनर्विश्लेषण म्हणजे जगभरच्या नोंदी गोळा करून दूरच्या एका मोठ्या संगणकाने मागाहून सांगितलेलं हवामान. फार थोर काम आहे, मी चेष्टा करत नाही. संगणक पृथ्वीचे चौकोन पाडतो. आमच्या चौकोनात चंद्रपूर, गडचिरोली, सिंदेवाही, एटापल्ली, मधले सगळे तलाव आणि वाघ येत. या सर्वांना मिळून एक वारा. तोही दिवसातून चारदाच: साडेपाच, साडेअकरा, पुन्हा साडेपाच, पुन्हा साडेअकरा.

दोन एप्रिलला दुपारी पावणेचारला वादळ आलं, बारा मिनिटं राहिलं आणि गावच्या शाळेचं छप्पर घेऊन गेलं. (साडेपाचपर्यंत थांबण्याची शिस्त त्याने दाखवली नाही.) रडारचा आकडा ताशी ब्याण्णव किलोमीटर. पुनर्विश्लेषणाचा, नऊ. चालण्याजोगा फरक, पंधरा.

फरक तपासायला समिती बसली. अध्यक्ष साहेबांनी प्रेमाने विचारलं, "गुणवंतराव, नवाच्या पुढचा दोन चुकून पडला का?"

"साहेब, एक पत्रा माह्या डोक्यावरून गेला ना!"

"डोकं हे मान्यताप्राप्त उपकरण नाही," साहेब म्हणाले, आणि तसं इतिवृत्तात आलं.

समितीने ठरवलं: वारा ताशी नऊ होता. ताशी नऊच्या वाऱ्याने पत्रे उडत नाहीत. सबब, छप्पर जागेवर आहे. तलावात सापडलेले तीन पत्रे तलावाचेच असावेत. उरला शाळेमागच्या मोहाच्या झाडाच्या शेंड्याला अडकलेला पत्रा. त्याबाबत, झाड पत्र्याखालून वाढलं असावं, असं एकमताने नोंदवलं.

मग रडारचा आकडा सुधारून नऊ केला आणि सुधारलेला आकडा त्या दूरच्या संगणकाकडे पाठवला. पुढच्या तपासणीत दोन्ही तंतोतंत जुळले. केंद्राला अचूकतेबद्दल ढाल मिळाली.

गावातल्या, तिसरीतल्या दिव्याला ढालीचं कौतुक नव्हतं. छप्पर नसलेली शाळा जूनमध्ये उघडत नाही, आणि छप्पर असलेल्या शाळेला नवे पत्रे मिळत नाहीत. तिच्या शाळेला दोन्ही नियम लागू झाले; कारण पाहिलं तर छप्पर नव्हतं आणि वाचलं तर होतं. शाळा बंद पडली, की तिला चाळीस किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत राहायला जावं लागणार होतं. तिची आई, बुधरी, रोज घरातली तांदळाची पेटी तिच्या कपड्यांसाठी रिकामी करून पुसून ठेवायची. दिव्या रोज ती पुन्हा तांदळाने भरून टाकायची.

एप्रिलअखेर, छप्पर असल्याचा दाखला द्यायला साहेब स्वतः, गुणवंतरावांना घेऊन, आले. असा दाखला वर्गात बसूनच लिहावा लागतो. साहेबांचं डोकं तापलं, खुर्ची तापली, पेन तापला.

"बाळ, माझी खुर्ची जरा सावलीत घे."

"सावलीतच हाव तुमी, सर," दिव्या म्हणाली. "छप्पर आहे ना वर."

साहेबांनी सही ठोकली. तेवढ्यात वारा सुटला. दाखला हातातून निसटला, भिंतीवरून गेला आणि मोहाच्या शेंड्याला, त्या पत्र्याशेजारी, जाऊन बसला.

"अरे, पकडा! कागद उडाला!"

"कुठी उडला, सर? आता तं चारच वाजले. साडेपाच व्हाचे आहेत."

"पोरी, चढ लवकर! सही आहे त्याच्यावर!"

"काऊन चढू? ताशी नऊच्या वाऱ्यानं काईच उडत नाई म्हून तुमीच तं लिवलं. कागद तुमच्या हातातच आहे."

साहेबांनी खरोखर एकदा हाताकडे पाहिलं. गुणवंतराव खोकल्याचं निमित्त करून भिंतीमागे गेले.

मुलांनो, तुम्ही हसू नका. मघाशी मी छप्पर आहे म्हटलं, तेव्हा तुमच्यातल्या कितीजणांनी वर पाहिलं? तुम्हाला ते लगेच दिसलं, चौदाच्या चौदा पत्र्यांसकट. समितीत अजून जागा रिकाम्या आहेत.

दिव्या मात्र झाडावर चढली. शेंड्यापाशी जाऊन तिने दाखल्याकडे पाहिलं, तो तिथेच राहू दिला, आणि पत्र्याला लाथ मारली. पत्रा खणखणत खाली आला. तिने तो ओढत वर्गात नेला, भिंतीला टेकवून उभा केला, त्याच्या वीतभर सावलीत मांडी घालून बसली आणि साहेबांना म्हणाली, "लिवा सर. पत्रे, एक."