बटणावरची शेवंती

दसऱ्याच्या सकाळी विलास सबनीसने वर इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातलीच अर्धी चड्डी राहू दिली, देवाला नमस्कार केला आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घुर्रकन फिरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि सगळं जसं आलं तसं निघून गेलं. विलासने पुन्हा दाबलं. पुन्हा घुर्र, पुन्हा दिवा, पुन्हा काळोख. बटणावर स्मिताने काल चिकटवलेली पिवळी शेवंती तेवढ्यात जराशी कलली होती. त्याने ती बोटाने हलकेच सरळ केली आणि तिसऱ्यांदा दाबलं.

स्मिताच्या माहेरी, पुण्यात, खंडेनवमीला विळी, कात्री आणि शिवणयंत्र यांना हळदकुंकू वाहत. एवढ्यावर भागायचं. बेंगळुरूत आल्यापासून मात्र शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांच्या नादाने तिच्या आयुधपूजेचा पसारा वाढत गेला होता. आधी स्कूटर आली, मग मिक्सर, मग वॉशिंग मशीन. यंदा पहिला मान कॉम्प्युटरचा होता. "हाच तर आपल्याला पोसतो," असं म्हणून तिने बटणावर अंगठ्याएवढं ओलं कुंकू लावलं होतं आणि त्यावर शेवंती बसवली होती. एकदा पूजेला लागलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाही, हा एचएसआर लेआउटमधल्या त्या मजल्याचा कायदा होता. काल दिवसभर कॉम्प्युटरला त्यामुळे सुट्टीच होती.

"हाच पोसतो" हे ऐकताना विलास उगाचच निरांजनाची वात सारत राहिला होता. कारण त्या कॉम्प्युटरने जूनपासून एक दमडी घरात आणली नव्हती. जूनमध्ये कंपनीने जी माणसं कमी केली त्यांत विलास होता, आणि हे त्याने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. कंपनीचा लॅपटॉप परत गेला, तेव्हा त्याने स्मिताला सांगितलं, "आता सगळ्यांनी घरचा डेस्कटॉपच वापरायचा. सिक्युरिटी." मग लेकीच्या, स्वानंदीच्या, दहावीच्या वेळी एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून जुळवून आणलेला जुना डेस्कटॉप माळ्यावरून खाली आला. रोज सकाळी विलास बेडरूमचं दार लावून घेई, कानाला हेडफोन लावी आणि भिंतीला सांगे, "यस, यस, लेट मी शेअर माय स्क्रीन." उरलेला वेळ तो अर्ज करी आणि महिना भरला की ठेवीतून पगाराएवढे पैसे घरखर्चाला काढी. स्वानंदी हॉस्टेलवर होती म्हणून बरं, तिने एका दिवसात ओळखलं असतं.

सगळ्यात अवघड जाई ते जेवण. कारण जेवताना ऑफिसबद्दल काहीतरी बोलावं लागे. त्याचा साहेब प्रणीत त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होता आणि त्यानेच विलासला घरी पाठवलं होतं. आता त्याच प्रणीतच्या रोज नव्या गोष्टी रचाव्या लागत, आणि भांडणं रचायला फार डोकं लागतं म्हणून विलासने रचलेला प्रणीत दिवसेंदिवस सज्जन होत चालला होता. गेल्या आठवड्यात तर त्याने विलासच्या गुडघ्याची चौकशी केली होती.

आज अकरा वाजता सिंगापूरच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत होती. तिथे दसरा नसतो. पन्नाशी उलटलेल्या विलासला आतापर्यंत कुणी पहिल्या फेरीपुढे नेलं नव्हतं. इथे तो थेट शेवटापर्यंत पोचला होता. अट एकच होती, मुलाखतीत एक परीक्षाही द्यायची होती आणि ती मोबाइलवर चालत नव्हती.

"काय हो, चालत नाही का?" स्मिता दारात उभी होती.

"चालतोय. म्हणजे चालतो आणि बंद पडतो."

"आज दसरा. कसलं काम काढलंय?"

"क्लायंट कॉल आहे. सिंगापूरचा."

"मग प्रणीतला फोन करून सांगा ना, मशीन बंद आहे म्हणून. चांगला आहे म्हणता ना तो हल्ली?"

विलास म्हणाला की चांगल्या माणसाला सणाच्या दिवशी त्रास देऊ नये. स्मिता गेली आणि शिवाप्पांना घेऊन आली. शिवाप्पा म्हणजे धनलक्ष्मी अक्कांचे यजमान. मूळचे निपाणीकडचे, टेलिफोनच्या कारखान्यात जन्म काढलेले आणि निवृत्त झाल्यापासून उघडायला काहीतरी शोधत असलेले. मागोमाग अक्काही आल्या.

"स्वल्प बाजूला व्हा, अण्णा," शिवाप्पा म्हणाले आणि बैठक मारून बसले. "आधी बघूया तरी काय म्हणतंय ते."

त्यांनी शेवंतीला हात जोडले आणि फुलासकट बटण दाबलं. घुर्र, दिवा, काळोख.

"हां. धरतंय आणि सोडतंय. आतलं दुखणं हाय हे. उघडायला पाहिजे."

"स्क्रूड्रायव्हर आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की. पण पूजेत हाय. उत्तरपूजेच्या आधी कसा उचलणार?"

त्यांनी चमच्याच्या दांड्याने स्क्रू काढले. आत कितीतरी वर्षांची धूळ निघाली, एक मेलेली पाल निघाली आणि कालच्या अक्षता निघाल्या. अक्कांनी पाल बघून "अय्यो" म्हटलं आणि अक्षता वेचून पुन्हा नमस्कार केला. शिवाप्पांनी रॅमची पट्टी उपसली आणि हात पुढे करून खोडरबर मागितलं.

"खोडरबर?"

"याला घासलं की निम्मे कॉम्प्युटर चालू होतात. बेंगळुरूत कुणालाही विचारा."

स्वानंदीचं जुनं कंपासपेटीतलं खोडरबर सापडलं. त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. शिवाप्पांनी ती पट्टी अशी घासली की घरभर वास सुटला. पट्टी बसली, हात जोडले गेले, फुलासकट बटण दाबलं गेलं. घुर्र, दिवा, काळोख. विलासचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

"तुमच्या ऑफिसच्या सपोर्टला लावा की फोन," शिवाप्पा म्हणाले. "एवढी मोठी कंपनी हाय."

"आज सुट्टी असेल."

"सिंगापूरच्या कामाला सुट्टी नाही आणि सपोर्टला हाय?"

बोलणं बिनतोड होतं. विलासने फोन काढला आणि यादीत जो पहिला नंबर दिसला तो लावला. तो गॅस बुकिंगचा होता. पलीकडची बाई ध्वनिमुद्रित आवाजात कन्नडमधून काहीतरी सांगू लागली. "यस," विलास तिला म्हणाला, "माझं मशीन बूट होत नाहीये. एम्प्लॉयी आयडी? देतो ना." मग तिने एक दाबायला सांगितलं असावं, म्हणून त्याने एक दाबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बाई पुन्हा काही म्हणाली, त्याने पुन्हा एक दाबला.

"काय म्हणतात?" शिवाप्पांनी विचारलं.

"नोंद झाली. उद्या माणूस येईल."

हे सांगताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो पंख्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात अक्कांनी तोडगा काढला. "एवढं कशाला? आमच्या रंजिताचा लॅपटॉप हाय की. आणते. पोरगी झोपलीया अजून, त्याची पूजासुद्धा झाली नाही."

खोलीत एकदम मोकळं वाटलं. विलास उठलाच होता. मग त्याच्या लक्षात आलं की लॅपटॉप आला की शिवाप्पा, अक्का आणि मागोमाग उठलेली रंजिता तो नीट चालतोय ना हे बघायला इथेच बसणार, आणि सिंगापूरहून पहिला प्रश्न येणार तो आधीची नोकरी का गेली हा. शिवाय चार महिन्यांपूर्वी त्याने या घराला एक नियम शिकवला होता. तो आता त्याच्याच गळ्यात पडला.

"नको अक्का," तो म्हणाला. "ऑफिसचं काम दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही. सिक्युरिटी."

"आजच्या दिवस घ्या ना हो," स्मिता म्हणाली.

"तुला त्यातलं कळत नाही."

"नसेल कळत. पण घ्या."

"नको म्हटलं ना!"

स्मिता स्वयंपाकघरात गेली. विलास बाथरूममध्ये गेला. कडी लावून त्याने सिंगापूरला मेसेज पाठवला, कॉम्प्युटर बिघडलाय, उद्या घेता येईल का. उत्तर लगेच आलं. पॅनेल वाट बघतंय, ही वेळ बदलता येणार नाही, क्षमस्व. बाहेर शिवाप्पा अक्कांना सांगत होते की पॉवर सप्लाय गेला असणार, एस. पी. रोडला मिळतो, पण आज सगळा रोड बंद. विलासने नळ सोडला आणि त्या आवाजात तो थोडा वेळ रडला.

बाहेर आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, पण ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्यामुळे शिवाप्पांनी सांगितलं तसा तो मोबाइलचा उजेड धरून उकिडवा बसला आणि आपलाच कॉम्प्युटर तारेतारेने सुटा होताना आणि पुन्हा जोडला जाताना बघत राहिला. शिवाप्पा दर वेळी हात जोडत होते आणि दर वेळी फुलासकट बटण दाबत होते.

शेवटी स्मिता ताम्हण घेऊन आली. "सगळे बाजूला व्हा बघू. उत्तरपूजा करून घेते, नैवेद्य खोळंबलाय."

तिने अक्षता टाकल्या आणि शेवंती उचलली. शेवंती सहजी येईना. ओढली तेव्हा तिच्यामागे लाल चिकट तारा लोंबत आल्या.

"मध घातला होता कुंकवात," स्मिता पुटपुटली. "फूल उभं राहीना म्हणून."

तिने ओल्या फडक्याने बटण पुसलं. कडेच्या फटीत फडक्याचं टोक घालून फिरवलं आणि पुसता पुसता ते दाबलं गेलं. टक् असा आवाज झाला आणि बटण पटकन बाहेर आलं. तो टक् सकाळपासून आपण एकदाही ऐकला नव्हता, हे विलासला तेव्हा कळलं. मधात रुतलेलं बटण दाबलं की बराच वेळ आतच राहत होतं, आणि बटण दाबूनच धरलं की कॉम्प्युटर मुकाट्याने बंद होतो, हे त्याने आयुष्यात शेकडो लोकांना फोनवरून सांगितलं होतं.

घुर्र झालं. दिवा लागला. पडदा उजळला तो उजळलेलाच राहिला.

"बघा!" शिवाप्पा उभे राहिले. "म्हटलं नव्हतं? रॅम घासल्याचा गुण. स्वल्प वेळ लागतोय, पण येतोय."

त्यांनी प्रसाद घेतला, अक्कांनी पाल कागदात गुंडाळून नेली, आणि दोघं समाधानाने घरी गेले. पडद्यावर विलासची मेल उघडली होती. वरचीच मेल सिंगापूरची होती. उमेदवार हजर न राहिल्याने प्रक्रिया संपवण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ती झाकायला त्याने हात पुढे केला, पण स्मिता मागे उभी होती.

"ही पण गेली का?" तिने विचारलं.

"ही पण म्हणजे?"

"पहिली गेली ते मला जूनपासून माहीत आहे."

विलास वळला नाही. "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. बारा वर्षं जेवताना तुम्ही साहेबाला शिव्या घातल्यात. साहेब बदलले, शिव्या नाही बदलल्या. जूनमध्ये एकदम बंद. मग प्रणीत तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दार लावून भिंतीशी बोलत बसायचात. मी ते दार उघडलं असतं तर तुम्ही कुठे जाऊन बसला असतात?"

विलासने ती मेल मिटवली.

"परवा शर्टाला स्वतः इस्त्री केलीत तेव्हा कळलं की काहीतरी मोठं आहे," स्मिता म्हणाली. "म्हणून काल कुंकू जास्तच लावलं. फूल पडलं तर अपशकुन होईल असं वाटलं. म्हणून मध..." फडकं तोंडाला लावून ती कॉटच्या कडेवर बसली.

विलासला तिच्यावर चिडता येईना. तिने त्याच्यासाठी देवाला इतकं घट्ट चिकटवलं होतं की नोकरीच आत अडकली. आणि लॅपटॉप तर शेजारच्याच घरात होता.

"लॅपटॉप घ्यायला हवा होता," तो म्हणाला.

"मी बसवलं असतं त्यांना बाहेर. श्रीखंड दिलं असतं."

बराच वेळ दोघं त्या चालू कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. तो आता काही केल्या बंद पडत नव्हता.

पानं वाढली तेव्हा विलासचा फोन वाजला. स्मिताने मेसेज वाचला. "सिलिंडर उद्या येतोय म्हणे. भरलेला एक घरात असताना बुक कुणी केला?"

"ऑफिसच्या सपोर्टने," विलास म्हणाला.

स्मिता हसली नाही, पण तिने त्याच्या वाटीत श्रीखंड जरा जास्त घातलं. विलासने पुरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरला.

"तो प्रणीत ना," तो म्हणाला, "एक नंबरचा हलकट माणूस आहे."

स्मिताने हातातला चमचा खाली ठेवला.

"ज्या दिवशी मला काढलं, त्या दिवशी माझं नाव चुकीचं घेतलं त्याने. सात वर्षं त्याचे रिपोर्ट मी केले. साधी मेल लिहिता येत नाही त्या गाढवाला. आणि ती त्याची दाढी, आणि ते मीटिंगमध्ये केळं खाणं..." त्याचा आवाज चढत गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जीभ आता थांबत नव्हती.

स्मिताने त्याच्या पानात आणखी एक गरम पुरी टाकली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"सावकाश बोला," ती म्हणाली. "चार महिन्यांचं साचलंय."