हुकलेल्या टर्कीचा मान

एका जंगलात, बाळांनो, रानटर्की राहत होत्या. तुम्ही विचाराल, आपल्या जंगलात टर्की कुठून आल्या? तर झालं असं, की राजाच्या आजोबांना एका परदेशी पाहुण्यानं टर्कीची जोडी भेट दिली होती. आजोबांनी ती पिंजऱ्यात ठेवली आणि पिंजऱ्याला कडी लावण्याचं काम तीन अधिकाऱ्यांवर सोपवलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं लावली असेल. संध्याकाळपर्यंत टर्की जंगलात.

पुढे त्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली, आणि जंगल टर्कींनी भरून गेलं.

जंगलाच्या कडेला कडेवाडी नावाचं गाव होतं. कडेवाडीचा हरभरा चांगला पिकायचा. टर्कींनाही तो चांगला वाटायचा. म्हणून गावानं एक शिकारी ठेवला होता. त्याचं नाव हैबती.

हैबतीकडे वाडवडिलांची ठासणीची बंदूक होती. तिची नळी इतकी रुंद, की चिमणीनं आत संसार मांडला असता तरी तिला अडचण झाली नसती. बंदूक उडाली की दोन टर्की पडत, बाभळीची एखादी फांदी पडे, आणि हैबती स्वतः दोन पावलं मागे जाई. त्या दिवशी गावात रस्सा शिजे. हरभरा वाचे. कुणाची तक्रार नव्हती. टर्कींची असेल, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग एके वर्षी राज्याचे शिकारमंत्री रावसाहेब उमदेकर परदेशातून परत आले. येताना त्यांनी एक नवी बंदूक आणली. तिची नळी बोटाएवढी बारीक, आणि तिच्या काडतुसात छर्रे जेमतेम चिमूटभर.

"मोठ्या नळीनं कुणीही मारील," रावसाहेब दरबारात म्हणाले. "त्यात कसब काय? बारीक नळी म्हणजे पक्ष्याला संधी."

"कसली संधी?" राजानं विचारलं.

"जगण्याची, महाराज."

राजाला हे फार सुधारलेलं वाटलं. आपलं राज्य सुधारलेलं दिसावं अशी त्याची जुनी इच्छा होती. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. सगळ्या ठासणीच्या बंदुका सरकारात जमा करायच्या आणि प्रत्येक शिकाऱ्यानं बारीक नळीची एकेक बंदूक घेऊन जायची.

सरकारी कामच ते, कडेवाडीची पाळी यायला वर्ष गेलं. मग शिपायानं हैबतीच्या हातात नवी बंदूक ठेवली. हैबतीनं नळीत करंगळी घालून पाहिली. ती आत जाईना.

"ही मोठी कधी व्हनार?" त्यानं विचारलं.

शिपायानं त्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

पहिल्या सकाळी हैबती नेहमीसारखा चाळीस पावलांवर उभा राहिला आणि त्यानं घोडा ओढला. बंदूक खोकल्यासारखी वाजली. एक नर अडखळला, पंख ओढत झुडपात शिरला आणि दिसेनासा झाला. हैबतीनं दुपारपर्यंत झुडपं धुंडाळली. पक्षी सापडला नाही.

घरी येऊन त्यानं सगळी हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत त्यानं जखमी पाखरू कधी मागे सोडलं नव्हतं.

त्याची बायको कोंडाबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बंदूक ल्हान झालीय, तर तुमी जवळ जावा की."

बाळांनो, ही गोष्ट दरबारात कुणालाच सुचली नव्हती.

हैबती जवळ जायला लागला. टर्कीची नजर मोठी तिखट. माणसाची पापणी हलली तरी ती पळते. म्हणून हैबती पहाटे जाऊन मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बसू लागला. नाकावर डास बसला तरी हात उचलायचा नाही. खोकला आला तर गिळायचा. मादीचा आवाज कसा काढायचा हे तो पानाची पिपाणी करून शिकला. सुरुवातीला त्याच्या आवाजानं टर्की आल्या नाहीत, गावातली दोन कुत्री मात्र आली.

अशा अकरा सकाळी गेल्या. कधी नर तीस पावलांवर येऊन थबके आणि मागे फिरे. हैबती बंदूक उचलत नसे. जखमी करून सोडण्यापेक्षा तसाच सोडलेला बरा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

बाराव्या सकाळी त्यानं पिपाणी वाजवली आणि लांबून उत्तर आलं. मग झाडांमधून एक भला मोठा नर चालत आला. पिसारा फुलवलेला, मान लाल, उन्हात अंग तांब्याच्या घागरीसारखं चमकत होतं. पंचवीस पावलं. वीस. हैबतीच्या छातीत असं धडधडत होतं, की तेच नराला ऐकू जाईल अशी त्याला भीती वाटली. पंधरा पावलांवर नरानं मान वर केली. हैबतीनं मानेवर नेम धरला.

पक्षी जागच्या जागी पडला. पंखही फडफडला नाही.

हैबतीनं जवळ जाऊन नराची पिसं नीट केली. अशी शिकार त्यानं आयुष्यात केली नव्हती. त्याला वाटलं, रावसाहेब खरंच बोलत होते. हे त्यांना सांगितलं पाहिजे.

म्हणून नर खांद्यावर टाकून तो राजधानीला निघाला.

दरबारात त्या दिवशी रावसाहेबांनी काढलेल्या बारीक नळी मंडळाची वार्षिक सभा होती. रावसाहेब आपली हकीकत सांगत होते. "नर दहा पावलांवर आला. मी बार काढला. छर्रे त्याच्या कानाला चाटून गेले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तो उडाला." सभासदांनी माना डोलावल्या. एका सरदारानं डोळे टिपले. मग त्याची पाळी आली. त्याची टर्की तर आठ पावलांवरून हुकली होती.

वर्षभरात मंडळाच्या एकाही सभासदाला एकही टर्की मिळाली नव्हती, आणि सगळे अतिशय समाधानी होते.

एवढ्यात हैबती आत आला आणि त्यानं नर सतरंजीवर ठेवला.

सभासद पाय आखडून मागे सरले.

"हे काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"टर्की, सरकार. तुमच्या बंदुकीनं पडली. पंधरा पावलांवरनं. तुमचं म्हननं मला आता पटलं."

मंडळाचे पंडित पुढे आले. ते म्हणाले, "बारीक नळीनं टर्की मरत नाही, हे वर्षभराच्या अनुभवानं सिद्ध झालं आहे. ही मेली आहे. तेव्हा नळी बारीक नसणार."

ज्वारीच्या काडीनं दोन्ही बंदुकांच्या नळ्या मोजल्या. हैबतीची आणि रावसाहेबांची नळी अगदी सारखी निघाली.

"मग दोष माणसात आहे," पंडित म्हणाले.

"तू पक्ष्याला संधी दिली नाहीस," रावसाहेब दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

"दिली की, सरकार. अकरा दिस दिली."

पण कुणी ऐकलं नाही. हैबतीची बंदूक काढून घेतली. शिकारीला न शोभणारं वर्तन, असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. नर पुरावा म्हणून मुदपाकखान्यात गेला, आणि दुपारी मंडळानं त्या पुराव्याची पानात वाढून कसून तपासणी केली.

हैबती मोकळ्या हातांनी घरी आला. तोवर टर्कींना बातमी लागली होती. त्या थव्यांनी शेतात उतरू लागल्या. हैबती आणि कोंडाबाई दिवसभर थाळ्या बडवत बांधावरून धावत. या टोकाला हाकललं की टर्की त्या टोकाला उतरत. पंधरा दिवसांत गावाचा निम्मा हरभरा गेला. लोक हैबतीला बोलत नव्हते, पण त्याच्याकडे बघतही नव्हते. त्याला तेच जास्त लागलं.

"तिथं दरबारात काय सांगितल्यावर खूश व्हत्यात?" कोंडाबाईनं एकदा विचारलं.

"हुकली म्हनून सांगितल्यावर."

"मग सांगा की."

"पर माझी हुकली नाय."

"हरबरा हुकतोय," कोंडाबाई म्हणाली आणि थाळी घेऊन त्या टोकाला धावली.

हैबती दुसऱ्या दिवशी राजधानीला गेला. रावसाहेबांसमोर हात जोडून म्हणाला, "सरकार, काल एक नर पाच पावलांवर आला. हातात बंदूक न्हवती, म्हनून म्या नुसती काठी रोखली. त्यानं माझ्याकडं बघितलं, आन् गेला."

बोलताना त्याचे कान लाल झाले. रावसाहेबांना ते भावनेनं झाले असं वाटलं. त्यांनी त्याला मिठी मारली आणि बंदूक परत दिली.

तेव्हापासून कडेवाडीत पुन्हा सकाळी बार ऐकू येऊ लागला. एक बार, एक टर्की. उरलेला हरभरा वाचला. चुलींवर रस्सा शिजू लागला. आणि दर महिन्याला हैबती गावच्या पंतोजींकडून राजधानीला पत्र लिहून घेई. या महिन्यात चार हुकल्या. या महिन्यात सहा, त्यातली एक फारच सुंदर हुकली. पंतोजींना लिहिताना अडचण येऊ नये म्हणून त्यांच्या घरी एक तंगडी जाई.

त्याला एकच रुखरुख होती. त्या बाराव्या सकाळची गोष्ट सांगावी असं त्याला फार वाटे. पण ती ऐकून घेणारं कोंडाबाईशिवाय कुणी नव्हतं, आणि तिनं ती सात वेळा ऐकली होती.

वर्षाखेरीस मंडळानं सगळी पत्रं वाचली. एवढ्या टर्की राज्यात कुणाच्याच हुकल्या नव्हत्या. हैबतीला दरबारात बोलावून रावसाहेबांच्या हस्ते शाल आणि सोन्याचं पीस दिलं.

राजा गहिवरला होता. त्यानं विचारलं, "हैबती, टर्की हातची निघून जाते, तेव्हा तुला नेमकं काय वाटतं?"

हैबती सकाळी घरून जेवून निघाला होता. मिशीला लागलेला रस्सा अजून तसाच होता.

"पोट भरल्यागत वाटतं, महाराज," तो म्हणाला.

असं उदात्त उत्तर दरबारानं आजवर ऐकलं नव्हतं.

तात्पर्य : बाळांनो, नेम चांगला असावा, पण त्याहून चांगली असावी नेम हुकल्याची हकीकत. आणि मान घ्यायला जाताना मिशीला लागलेला रस्सा आठवणीनं पुसावा.