खरात काकांचं टेबल

खरात काका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढायचे नाहीत, खिशातला टेस्टर काढायचे. घरमालक 'या, बसा' म्हणत उभा असायचा आणि काका स्विचबोर्ड तपासायचे, मग फ्रिजचं दार, मग कूलरचा पत्रा. सगळं मनासारखं निघालं की चपला दाराबाहेर आणि काका खुर्चीत. आधीच का नाही काढत चपला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अनवाणी पायानं करंटची चौकशी करू नाय, माय. मानसं दगावतात."

मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी त्यांना वडीलधारे म्हणून बोलावलं होतं. मुलाचे वडील कूलरवर हात टेकून आपल्या नव्या प्लॉटबद्दल सांगत होते. काकांनी त्या कूलरला टेस्टर लावला आणि शांतपणे म्हणाले, "थोडासा करंट हाय, पर मरायजोगा नाय." त्यानंतर त्या गृहस्थांनी घरातल्या कशालाच हात लावला नाही, पोह्यांच्या बशीलाही नाही. ते स्थळ गेलं. काकांचं म्हणणं, बरं झालं, त्या मानसाचं अर्थिंगच बरोबर नव्हतं.

अर्थिंग हा त्यांचा एकमेव निकष. नगरसेवक, जावई, टीव्हीवरचे बातम्या सांगणारे, सगळे त्यांनी याच मापानं मोजलेले. मूळचे कन्नड तालुक्यातले, वाळूजच्या एका कारखान्यात विजेच्या दुरुस्तीत नोकरी झालेली, निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत राहायचे. घरात ते आणि काकू, दोघंच. मुलगी सासरी, लांब गुजरातेत. काकू बोलायला तिखट आणि हाताच्या सढळ. काकांच्या सगळ्या प्रयोगांना त्यांचं एकच नाव होतं, 'खुळ'.

मी तेव्हा औरंगपुऱ्यात एका दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करायचे. दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा आणि टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की सगळी गल्ली पाईप घेऊन धावायची. गंमत अशी, की त्याच वर्षांत शहर मात्र सुसाट वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं आम्ही लहानपणी बोरं वेचायला जायचो, तिथं रोज नवी कॉलनी उभी राहायची. प्यायला पाणी नाही, पण बंगल्याच्या गेटावर मोर पाहिजे, सूर्य पाहिजे.

हे बघूनच काकांच्या डोक्यात टेबल आलं, असं आम्ही सगळे समजत होतो.

टेबल म्हणजे यंत्र. पत्रा कापायचा प्लाझ्मा कटर काकांनी जुन्या बाजारातून आणला होता. त्याच्या पिस्तुलासारख्या तोंडातून निळी ज्योत निघते आणि पत्रा लोण्यासारखा कापला जातो. पण काकांना तो हातात धरायचा नव्हता. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मोटारींनी ती ज्योत बरोब्बर चित्राच्या रेघेवरून फिरवायची, असं त्यांना करायचं होतं. असं तयार यंत्र मिळतं, पण काकांना घरीच बनवायचं होतं. मग लोखंडी पलंगाचा सांगाडा आला, सरकत्या गेटाचे रूळ आले, भंगारातल्या मोठ्या प्रिंटरच्या मोटारी आल्या. आमच्या दुकानातला टाकून द्यायचा जुना कॉम्प्युटर मी रिक्षात घालून नेऊन दिला. पलंग गेला तसे काका जमिनीवर झोपू लागले. काकू म्हणाल्या, "यंत्राला पलंग अन् मानसाला चटई. चालू द्या."

अंगणात शेडखाली टेबल उभं राहिलं आणि चाललंही. ज्योत न पेटवता नुसतं फिरवलं की ते शहाण्या मुलासारखं फिरायचं. काकांनी ज्योतीच्या जागी पेन बांधून कागदावर मोर काढून दाखवला. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

अडलं ते पुढं. कटरच्या मुठीत बोटानं दाबायचा एक चाप असतो. त्याच्या दोन वायरी काकांनी सोडवल्या आणि कॉम्प्युटरनं चालणाऱ्या एका लहानशा स्विचला जोडल्या, म्हणजे बोटाचं काम कॉम्प्युटरनं करायचं. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात ज्योत पेटली की त्याच क्षणी कॉम्प्युटर थिजायचा. थिजला नाही तर मोटारी हिसका द्यायच्या आणि सरळ रेघेला कापरं भरायचं. ज्योत पेटताना जो विजेचा कल्लोळ होतो तो वायरींत शिरतो, असं काकांनी मला समजावलं.

उपाय म्हणून कॉम्प्युटर टेबलापासून लांब न्यायचं ठरलं. लांब म्हणजे स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीवर. खिडकीतून वायर बाहेर काढली आणि बटण दाबायचं काम काकूंकडं आलं. काका अंगणातून 'हं' म्हणायचे, काकू एका बाजूला भाकरीवर लक्ष ठेवून डाव्या हातानं कळ दाबायच्या आणि लगेच आतून निकाल यायचा, "मेलं." त्या उन्हाळ्यात हा संवाद आमच्या गल्लीत कोकिळेपेक्षा जास्त वेळा ऐकू आला.

रविवारी काका माझ्याकडं चित्रं घेऊन यायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेली ठिपक्यांची नक्षी, वेली, कमळं. गेटाच्या जाळ्या असणार असं धरून मी ती कॉम्प्युटरवर उतरवायचे. कापल्यावर मधले तुकडे गळून पडू नयेत म्हणून रेघांमध्ये बारीक जोड सोडायचे. चित्रांतल्या रेघा फार थरथरलेल्या असायच्या. वय झालं काकांचं, असं वाटून मी एकदा काही न बोलता त्या तशाच उतरवल्या. काका पडद्याजवळ नाक नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"ही रेघ अशी नाय," ते म्हणाले. "मुळात सरळ हाय. पैल्यासारखी कर."

पहिल्यासारखी म्हणजे कशी, ते मला कळलं नाही. पण मी सरळ केली.

मग काकांनी ठरवलं, दोष आपल्या अर्थिंगचाच. अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेली पट्टी होती, मीठ-कोळसा घातलेली. तिच्याभोवतीची माती ओली असावी लागते. दुष्काळात ती खापरासारखी वाळली होती. काका रोज सकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतू लागले.

गल्लीत पाणी ओतलेलं लपतं का? दुसऱ्याच आठवड्यात टँकर गेल्यावर लोक काकांच्या फाटकाशी जमले. पुढं समोरचे जोशी मास्तर होते, स्वभावानं गरीब, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. त्यांच्या सुनेला दिवस भरत आले होते, घरात प्यायला दोन कळश्या आणि समोर हा माणूस जमिनीला पाणी पाजतो. काका मातीतल्या ओलाव्याबद्दल सांगायला लागले आणि ते ऐकून लोक आणखीच चिडले. कुणीतरी म्हणालं, यंत्र उचलून बाहेर टाका.

तेव्हा काकू दारात आल्या. उजवा हात पदराखाली, नेहमीसारखा. "ते ह्यांच्या आंघोळीचं पाणी हाय," त्या म्हणाल्या. "आंघोळ करत नाईत अन् वाट्याचं पाणी तिथं ओतत्यात. खोटं वाटत असंल तर ह्यांच्या जवळ जाऊन वास घ्या."

कुणी गेलं नाही. जोशी मास्तर आधी हसले, मग सगळेच. काका मात्र हसले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी त्या दिवसाची बादली उचलली आणि मास्तरांच्या दारात नेऊन ठेवली. परत आले ते थेट टेबलापाशी. खुर्चीवर बसून म्हणाले, "खल्लास. मोडतो आता."

ते गंमत करत नव्हते. मी तिथंच होते. काकांना टापटिपीचा भारी सोस. कटरची जाड केबल आणि चापाच्या त्या दोन बारीक वायरी त्यांनी एकत्र, बोटाबोटावर चिकटपट्टी लावून, वेणीसारख्या बांधल्या होत्या. मोडायचं म्हणून त्यांनी आधी ती वेणी उसकटली. बारीक वायरी खिडकीवरून लोंबत राहिल्या आणि जाड केबल जमिनीवर पडली. तेवढ्यात आतून काकूंनी विचारलं की एकदा शेवटचं दाबू का. काका पक्कड शोधायला वळले होते. काकूंनी दाबलं.

ज्योत पेटली. टेबल हललं आणि चालत राहिलं. वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि रेघ पूर्ण झाली. आतून 'मेलं' आलं नाही. इतका वेळ तो कल्लोळ जाड केबलीतून शेजारच्या वायरींत उडी मारत होता आणि त्यांना शेजारी नेऊन बसवलं होतं काकांनीच. पुढं बरीच वर्षं ते सांगायचे की हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

दोन दिवसांनी पहिला पत्रा तयार झाला. कडा घासलेल्या, दोन बाजूंना मुठी बसवलेल्या. गेटाला मुठी कशाला, असं मी विचारणार तोच काकांनी तो उचलून ओट्यावर ठेवला आणि काकूंना हाक मारली. हातात चहाची गाळणी आणि रांगोळीचा डबा दिला.

काकूंनी पदराखालचा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. थांबतच नव्हता.

आमच्या गल्लीत रांगोळी काकूंचीच. चाळीस घरांच्या बायका बघायला यायच्या. त्या वर्षी सड्याला पाणी नव्हतं, सगळ्यांच्याच रांगोळ्या बंद होत्या, म्हणून काकूंची का थांबली असं कुणाला वाटलंच नाही. कॅलेंडरच्या पाठीवरची चित्रं त्यांची होती.

"गाळणी धराया हलणाराच हात लागतो," काका मला म्हणाले, जणू यंत्राचा एखादा भाग समजावून सांगत होते. काकूंनी गाळणी पत्र्यावरून फिरवली. काकांनी पत्रा उचलला. खाली कमळ उमटलं होतं, एकही रेघ न चुकलेलं. काकू म्हणाल्या, "छान झालं."

नंतर आत चहा करताना त्या हळूच म्हणाल्या, "छापाच्या रांगोळीत जीव नसतो ग. बोटं लागावी लागत्यात. पर ह्यांनी आख्खा उन्हाळा ह्यात घातला. मी टाकीन रोज. तू ह्यांना बोलू नको."

मी बोलले नाही. गेटाची ऑर्डर त्या टेबलानं कधीच घेतली नाही. काकांनी फक्त रांगोळीचे पत्रे कापले, दिवाळीचा, बुद्धपौर्णिमेचा, पाडव्याचा, आणि काकूंच्या दारात सकाळी सकाळी नवी रांगोळी दिसत राहिली. दुष्काळ सरला. माझं लग्न झालं, आम्ही बायपासपलीकडं फ्लॅट घेतला. काकू गेल्या तेव्हा मी बाळंतपणात होते, जाता आलं नाही.

वर्षभरानं एका सकाळी मी काकांना भेटायला गेले. गल्लीत आता तीन मजली इमारती झाल्या होत्या. काका ओट्यावर मांडी घालून बसले होते, चिमटीत रांगोळी. ठिपके मांडत होते, वाकडेतिकडे, मध्येच पुसत, पुन्हा मांडत. मी विचारलं, पत्रे कुठं गेले?

"हाइत की आत. तिला ते आवडत नव्हते."

त्यांनी डब्यातून पुन्हा चिमूटभर रांगोळी घेतली.

"मला पैल्या दिवशीच कळलं व्हतं," काका म्हणाले. "पर माझ्यासाठी ती रोज टाकत व्हती. मंग मी कसं बोलू?"

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. कमळाच्या पाकळ्या जमल्या होत्या, पण कोपऱ्यातली वेल त्यांना आठवत नव्हती. "तू उतरवली व्हती ना कॉम्प्युटरवर? हिथून वर जायची का खाली?"

मी ओढणी खोचली, त्यांच्या शेजारी बसले आणि चिमटीत रांगोळी घेतली.