औंदा पाळी खालून

साकोलीला अनुपदादाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दर रविवारी 'कोड कट्टा' भरायचा, आणि दर रविवारी हर्षाची बोलायची पाळी येण्याआधी तिची बस यायची.

पाळी खुर्च्यांप्रमाणे असायची. पहिली खुर्ची अनुपदादाची, कारण क्लास त्याचा, पंखा त्याचा आणि ग्रुपचा ॲडमिनही तोच. एकदा तो सुरू झाला की थांबायचा नाही. पांढऱ्या पडद्यावर कोड लिहिणारा माणूस कच्चा. पायथन ही भाषाच नव्हे, ते नुसते लाड. दुसरी खुर्ची चंदनदादाची. तो चिखला गावच्या खाणीच्या ऑफिसातून पहाटेची बस धरून फक्त भांडायला यायचा. लिनक्स न वापरणाऱ्याला मत असूच नये, असं त्याचं मत होतं. मग दोघं मिळून आठवड्याच्या बातम्या घ्यायचे. एआय आता सगळा कोड लिहिणार, आपल्याला घरी बसावं लागणार, अशी बातमी दर आठवड्याला यायची आणि दर आठवड्याला दोघं नव्यानं हादरायचे. शेवटच्या बाकावर अकरावीतली हर्षा आणि बी.एस्सी.ची स्वाती. स्वाती तर दोन वर्षांपासून येत होती. तिचा आवाज कसा आहे, हे कट्ट्यावर कुणालाही माहीत नव्हतं.

त्या रविवारी मात्र हर्षा पाळी नसताना उभी राहिली.

"मी एक प्रोग्राम बनवला. आमच्या गावच्या तलावाच्या पाण्याचा."

"पाण्याचा?" अनुपदादा हसला. "अगं, आमी इथं एआयवर बोलून राहिलो, अन् तू पाटबंधारे खातं उघडून राहिली?"

हर्षाचं गाव सानगडीच्या पुढे चार किलोमीटरवर. तिथल्या तलावाचं पाणी शेवटच्या पाटावरच्या सहा शेतांना पाळीपाळीनं मिळायचं. कोणाची पाळी कधी, हे घरोघरी सायकलवर जाऊन सांगायचं काम चिंधू आबाजींचं. ते गावचे पाणकर, म्हणजे तलावाचं दार उघडणारे आणि बंद करणारे. यंदा त्यांच्या गुडघ्यानं संप पुकारला होता. म्हणून पाणी समितीचे अध्यक्ष श्यामराव यांनी आपलं रजिस्टर हर्षापुढे ठेवलं होतं. तिनं पानन् पानाचे फोटो काढून घेतले आणि पाळीची यादी रोज आपोआप गावच्या ग्रुपवर जाईल, असा प्रोग्राम लिहिला. लिहिला तोही मामाच्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याचं एक बटण दाबायला हेअरपिन लागायची.

"फक्त एक विचारायचं होतं," हर्षा म्हणाली. "नावं कोणत्या क्रमानं लावू?"

"नावानंच लाव ना! अ आ इ ई. डेटा कोनताही असो, आधी सॉर्ट. पहिलीतल्या पोरालेही समजते हे."

सगळे हसले. हर्षाचे कान तापले.

"उद्यापासून सुरू करते मी," ती म्हणाली.

"सात दिवस एकही तक्रार न येता चालवून दाखव," अनुपदादा खुर्चीत मागे रेलला. "नाही चाललं तर पुढच्या रविवारी इथं उभं राहून म्हणायचं, मले प्रोग्रामिंग येत नाही."

"अन् चाललं तर?"

"तर ॲडमिन तू."

"मंजूर!" हर्षा म्हणाली आणि बसकडे पळाली.

सोमवारी सकाळी सहा वाजता गावच्या ग्रुपवर यादी पडली. पहिलं नाव अनुप, म्हणजे साकोलीचा अनुपदादाच. त्याची शेती याच गावात होती, सातबारा त्याच्या नावावर आणि कसायचे त्याचे वडील टेकचंद. मग जागेश्वर, टिकाराम, हर्षाची आई मंगलाबाई, ललिताबाई आणि सगळ्यात शेवटी अध्यक्ष श्यामराव. किती सुबक यादी! हर्षा तिच्याकडे पाहतच बसली.

तिकडे पाटावर मात्र सुबक काही घडत नव्हतं. टेकचंदांचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला. तिथवर पाट पोचतच नाही, पाणी एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसऱ्या बांधीत उतरत जातं. चिंधू आबाजींनी यादीप्रमाणे दार उघडलं. पाणी टिकारामच्या बांधीत शिरलं. टिकारामनं आदल्याच दिवशी युरिया फेकला होता.

"माहा युरिया टेकचंदच्या धानाले चालला!" टिकाराम ओरडला आणि त्यानं फावड्यानं चिखल ओढून वाट बुजवली. पाणी काय, वाट मिळेल तिकडे वळलं. ते बाजूला ललिताबाईंच्या बांधीत घुसलं. तिथं त्यांचा लवकर येणारा हलका धान कापून पसरलेला होता.

"धावा वो, माहा धान पोहून राहिला!"

सकाळी साडेसातला अर्धं गाव गुडघाभर चिखलात पेंढ्या उचलत होतं. कॉलेजच्या गणवेशात हर्षाही. टेकचंद आपल्या कोरड्या बांधीवर कमरेवर हात ठेवून उभे होते. कितीतरी वर्षांनी पहिला नंबर लागला होता आणि पाणी मधेच कुठं रुसलं, ते त्यांना कळत नव्हतं.

"असा कसा नंबर लावला वं तू?" टिकारामनं विचारलं.

हर्षानं खरं तेच सांगितलं. "नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे."

पेंढ्या उचलणारे हात थांबले. प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःचं अक्षर मोजत होता.

हर्षानं प्रोग्राममध्ये एक सोय मोठ्या हौसेनं दिली होती. नाव चुकलं असेल तर ज्याचं त्यानं दुरुस्त करावं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाची नावं चुकलेली निघाली. टिकारामचा 'अ. टिकाराम' झाला. जागेश्वर 'अति जागेश्वर' झाला. ललिताबाईंनी नातवाकडून 'अआ ललिताबाई' करून घेतलं. श्यामरावांनी फार विचार न करता 'अध्यक्ष श्यामराव' लिहिलं, आणि त्यात खोटं तरी काय होतं?

हर्षा घरी आली तर आई ताट वाढता वाढता म्हणाली, "पोटची पोर कॉम्प्युटर चालवते, अन् मायचा नंबर चौथा! मीनंही बदलवलं नाव."

"काय केलं?"

"'अवो हर्षाची माय'. सारं गाव असंच तर बोलावते मले."

मंगळवारची यादी आली तेव्हा 'अनुप' पाचव्या नंबरावर घसरला होता. पाच मिनिटांत साकोलीहून मेसेज आला. 'हे नावांचे नाटक बंद कर. सॉर्टच काढून टाक. एवढंही कळत नाही काय?'

हर्षानं उत्तर लिहिलं. 'दादा, पहिलीतल्या पोरालेही समजते म्हणत होते ना तुम्ही?'

त्यानं वाचलं. निळ्या खुणा आल्या.

त्या दिवसाअखेर हर्षाकडे एकतीस तक्रारी जमा झाल्या होत्या. श्यामरावांनी तलावाच्या काठावर बैठक बोलावली. "बंद कर तुही मशीन. पयल्यासारखं वरून खाली होऊन जाऊ दे." वरून म्हणजे तलावाच्या दाराजवळून. आणि दाराजवळचं पहिलं शेत श्यामरावांचंच. धान निसवला होता, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. आठवड्यात पाणी नाही मिळालं तर शेपटाकडच्यांच्या लोंब्या पोचट राहणार होत्या, आणि त्या शेपटात टेकचंदांच्या अलीकडेच मंगलाबाईंचं अर्धा एकर शेत होतं.

हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते तिथं पडू दिलं नाही. ती थेट चिंधू आबाजींच्या घरी गेली.

"आबाजी, तुम्ही चाळीस वर्षं कसं केलं हे?"

आबाजी खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "मले विचाराले आज आली? यादी बनवाच्या आधी काहून नाही आली?"

तिनं रजिस्टर पाहिलं होतं, नावं पाहिली होती, कट्ट्यावर विचारलं होतं. पाणी सोडणाऱ्या माणसाला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली.

"मंग लिव्ह." आबाजींनी एका दमात सांगायला सुरुवात केली. कोणाच्या बांधीतून कोणाच्या बांधीत पाणी उतरतं. कुठली वाट फोडायची, कुठली बुजवायची. "अन् पानी सोडाच्या दोन दिवस आधी घरोघरी सांगाचं. युरिया फेकू नका, कापलेला धान उचला. मी सायकलवर का हवा खाले फिरत होतो?"

"अन् पहिला नंबर कोणाचा?"

"एका साली वरून, एका साली खालून. औंदा खालून हाये." आबाजी तेलाची वाटी ठेवत हळूच हसले. "पन सहा साल झाले, खालचं साल काही येऊनच नाही राहिलं."

"काहून?"

"रजिस्टर वरच्याच्या घरी असते ना."

हर्षानं फोन काढला. फोटो तर तिनं पानन् पानाचे घेतले होते! बोटानं सरकवत सरकवत ती शेवटच्या पानापर्यंत गेली. तिथं जुन्या निळ्या शाईत नियम लिहिलेला होता, एक वर्ष वरून, एक वर्ष खालून. खाली सहा सह्या. पहिली सही श्यामरावांची, चांगली वळणदार.

बुधवारी सकाळी ग्रुपवर नवी यादी पडली. नावांना हात लावायची सोय काढून टाकलेली. वरती ठळक अक्षरांत 'औंदा पाळी खालून. पाणी रविवारी सुटेल. युरिया फेकू नका. कापलेला धान उचला.' आणि खाली त्या पानाचा फोटो.

श्यामराव स्वतः दारात आले. "कोनाले इचारून टाकलं हे?"

"तुमच्या सहीले," हर्षा म्हणाली.

मंगलाबाईंच्या हातातला तवा हातातच राहिला. आयुष्यात कुणी अध्यक्षांशी असं बोललं नव्हतं. श्यामरावांनी फोटो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला.

"सही तर माहीच हाये," ते शेवटी म्हणाले. "चांगली करत होतो पयले," असं पुटपुटत ते चहा न घेताच निघून गेले.

रविवार उजाडला. हर्षा कट्ट्यावर पोचली तेव्हा तिच्यासोबत काठी टेकत चिंधू आबाजी होते. दार उघडून, जागेश्वरला पाटावर बसवून ते पहिल्याच बसनं निघाले होते.

"हे कोण?" अनुपदादानं विचारलं.

"माझे सीनियर," हर्षा म्हणाली.

आबाजींनी सगळ्यांना जय भीम घातला आणि ते पंख्याखाली बसले. आठवड्याची बातमी निघाली. एआय आता सगळा कोड लिहिणार होतं. अर्धा तास कोडची ओळ आत सरकवायला टॅबचं बटण चांगलं की स्पेसचं, यावर चंदनदादानं टेबल बडवलं. मग अनुपदादाला आठवलं.

"हं, हर्षा. किती तक्रारी आल्या?"

"एकतीस."

"म्हण मग."

हर्षा उभी राहिली. "शर्त मी हरली. ॲडमिनपद नको मला. पण ते वाक्य मी म्हणत नाही."

"काहून नाही? ठरलं होतं ना!"

"एकतीस तक्रारी म्हणजे एकतीस वेळा कुणीतरी माझा प्रोग्राम उघडला. दादा, तुमच्या प्रोग्रामवर आजवर किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही!" अनुपदादा छाती काढून म्हणाला.

"वापरते कोण?"

चंदनदादानं खिडकीबाहेर बघितलं. त्याच्याही प्रोग्रामवर एकही तक्रार नव्हती.

तेवढ्यात आबाजींनी घसा साफ केला. "बापू, एक इचारू? मी अर्ध्या घंट्यापासून आयकून राहिलो. तुमी कोनतं बटन चांगलं म्हणून भांडून राहिले. किती साल झाले भांडून?"

"दोन," शेवटच्या बाकावरून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. स्वातीचा आवाज चांगला खणखणीत होता.

"मंग दोन सालात पानी कोनाच्या बांधीत गेलं?"

कोणी काही बोलायच्या आत अनुपदादाचा फोन वाजला. पलीकडून टेकचंद इतक्या जोरानं ओरडत होते की स्पीकरची गरजच पडली नाही.

"आलं बे, पानी आलं! सहा सालानं पयल्यांदा आपल्या बांधीत आधी आलं! त्या मंगलाच्या पोरीले सांग, माय म्हनावं, जुग जुग जी! अन् आयक, तू तिकडं कम्प्युटर शिकवते ना? तिच्यापाशी थोडंसं शिकून घे!"

अनुपदादानं फोन ठेवला. तो लाल झाला, मग हसला, मग बराच वेळ मोबाइलवर काहीतरी करत बसला. सगळ्यांचे फोन एकाच वेळी किणकिणले. ग्रुपवर हर्षा ॲडमिन झाली होती.

"नको म्हटलं ना मी," हर्षा म्हणाली.

"शर्तीचं नाही हे," तो म्हणाला. "बाबाचा हुकूम आहे. बरं, आता ॲडमिन म्हणून काय करायचं ते कर, मग मी आजच्या बातमीवर बोलतो. माझी पाळी राहिलीच आहे."

हर्षानं एकदा खुर्च्यांच्या रांगेकडे पाहिलं. पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या बाकापर्यंत. मग आबाजींकडे पाहिलं. आबाजी मिशीतल्या मिशीत हसत होते.

"औंदा पाळी खालून," ती म्हणाली. "स्वातीताई, तू सुरू कर."

स्वातीकडे दोन वर्षांचं साठलेलं होतं. ती वहीच घेऊन उभी राहिली. पाचवं पान उलटलं तेव्हा बाहेर बसचा हॉर्न वाजला. हर्षा जागची हलली नाही. पहिल्या खुर्चीवरून अनुपदादानं हळूच हात वर केला.

"हर्षा, पुढची बस किती वाजता आहे गं?"